एकाच सिनेमावर किती ओझं टाकायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लहानपणीच्या पुस्तकांवर निघालेल्या चित्रपटांविषयी आपल्या रविवार पुरवणीत लेख आला. त्यात भा. रा. भागवतांच्या बनेश ऊर्फ बन्या फेणेवर निघालेल्या ‘फास्टर फेणे’ या चित्रपटाच्या वाट्याला एकच वाक्य होतं, तेही ठरलेलं: सिनेमात मूळ फेणे हरवला. २०१७ साली चित्रपट आला तेव्हापासून हे वाक्य मी वाचनालयाच्या काउंटरवर ऐकलं, लग्नाच्या पंगतीत ऐकलं, एकदा तर दंतवैद्याच्या खुर्चीत ऐकलं, जिथे उत्तर देण्याची सोय नव्हती. ते आज देते.

तक्रारींची यादी आता पाठ झाली आहे. बन्या शाळकरी हवा, तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसण्याच्या वयाचा कसा? हाफपँट कुठे गेली? पत्रकार मुलगी कशासाठी? त्याची शाळा विद्याभवन कुठाय, मित्र सुभाष देसाई कुठाय? शिवाय गिरीश कुलकर्णींनी उभा केलेला तो थंड डोक्याचा अप्पा. इतका भेसूर खलनायक भा. रा. भागवतांच्या जगात बसतो का? यातली एकही तक्रार खोटी नाही. फुरसुंगीहून पुण्यात शिकायला आलेला, किडकिडीत, सायकलवर सुसाट सुटणारा आणि कोडं सुटलं की जिभेने ‘ट्टॉक्’ करणारा मुलगा ज्यांनी राम वाईरकरांच्या चित्रांत पाहिला आहे, त्यांना अमेय वाघ कितीही चांगला नट असला तरी पहिली दहा मिनिटं जड जाणारच. मलाही गेली.

पण ही तक्रार करतं कोण, तेही पाहा. मला भेटलेले सगळे चाळिशी-पन्नाशीच्या पुढचे होते. मराठी चित्रपटगृहात तिकीट काढणाराही तोच वर्ग, हे निर्मात्यांना चांगलं ठाऊक असतं. मग त्यांनी आपल्याच वयाला पचेल असा सिनेमा काढला. खून, परीक्षेतला घोटाळा, पुण्यातल्या स्पर्धेच्या बाजारात भरडली जाणारी पोरं. आदित्य सरपोतदार यांचा चित्रपट म्हणून तो मला चांगला वाटला. त्यातली एक गोष्ट तर फार आवडली, जिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. दिलीप प्रभावळकर त्यात खुद्द भा. रा. भागवत झाले आहेत आणि बनेश त्यांच्याच घरी मुक्कामाला येतो. लेखक आणि त्याचा नायक एका छताखाली! काहींना ही नुसती क्लृप्ती वाटली. मला मात्र वाटलं की आपण कुणाच्या खांद्यावर उभे आहोत हे या लोकांना माहीत आहे. भूमिका करणाराही साधा नव्हे, ‘बोक्या सातबंडे’ या मुलांच्या गोष्टींचा लेखक. बोक्यावर २००९ मध्ये चित्रपट आला, त्यात बोक्या झालेला मुलगा खरोखर मुलगाच होता, आणि त्याबद्दल कुणाच्या भुवया उंचावल्याचं मला आठवत नाही.

त्याआधीचंही आठवून पाहा. ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ दूरदर्शनवर आला तेव्हा जॉय घाणेकर शाळकरी पोर होता. फास्टर फेणेही दूरदर्शनवर आला होता, सुमीत राघवन तेव्हा लहान होता. त्या मालिकांमध्ये पैसा कमी होता, सेट हलायचे. पण दर आठवड्याला मुलाच्या वयाचा मुलगा पडद्यावर दिसायचा.

आता थोडं बंगालकडे वळते. फेणेच्या चाहत्यांनी फेलूदा या बंगाली गुप्तहेराच्या चाहत्यांशी एकदा ओळख करून घ्यायला हवी. सत्यजित रे यांनी ‘संदेश’ या मुलांच्या मासिकात १९६५ साली फेलूदा सुरू केला. १९७४ मध्ये ‘शोनार केल्ला’ आणि १९७९ मध्ये ‘जॉय बाबा फेलुनाथ’ हे दोन चित्रपट त्यांनी स्वतः केले. सौमित्र चटर्जी फेलूदा, संतोष दत्त जटायू. जटायू म्हणजे रहस्यकथा लिहिणारे ते विनोदी लेखक लालमोहनबाबू. संतोष दत्तांचा जटायू इतका अस्सल उतरला की पुढच्या गोष्टींसाठी चित्रं काढताना रेंचा जटायूच त्यांच्यासारखा दिसू लागला. पडद्याने पुस्तक बदललं आणि बदलणारा हात खुद्द लेखकाचा. ‘मूळ’ म्हणजे काय यावर वाद घालणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

त्यानंतर बंगाली माणूस गेली कित्येक वर्षं भांडतो आहे. दूरदर्शनवर ‘किस्सा काठमांडू का’मध्ये शशी कपूर फेलूदा झाले, तर लोक म्हणाले, आमचा फेलूदा एवढा जाडा? (त्यात जटायू होते आपले मोहन आगाशे. ही गोष्ट मराठी माणसाने जरा मिरवायला हरकत नाही.) मग सब्यसाची चक्रवर्ती आले आणि अनेकांना पसंत पडले, पण पुढे त्यांचं वय दिसू लागल्यावर कुरकुर सुरू झाली. २०१४ मध्ये आबीर चटर्जी आले, २०१६ मध्ये पुन्हा सब्यसाचीच, २०२२ मध्ये इंद्रनील सेनगुप्ता. मालिकेत टोटा रॉयचौधुरी. प्रत्येक वेळी नवा राग आणि नवी तुलना, आणि ‘सौमित्रची सर कुणाला नाही’ हा ठरलेला शेवट. तरी पुढच्या वेळी मंडळी पोराबाळांना घेऊन तिकीट काढायला हजर.

तिथे भांडण परवडतं, कारण एक फेलूदा फसला तर दुसरा येणार याची खात्री असते. आपल्याकडे त्या जुन्या मालिकेनंतर एक चित्रपट आणि पुढे शुकशुकाट. एकुलत्या एक मुलाचं होतं तेच या चित्रपटाचं झालं. घरात जो येईल त्याची अपेक्षा त्याच्याकडूनच: त्याने पुस्तकही सांभाळायचं, आजचा काळही दाखवायचा, आजोबांना आठवणींत न्यायचं, नातवाला खिळवून ठेवायचं आणि गल्लाही भरायचा. भागवतांनी फेणेची वीसेक पुस्तकं लिहिली. ती सगळी दोन-सव्वादोन तासांत कुणाच्याही पडद्यावर मावणार नाहीत. म्हणून ‘हरवला’ म्हणणाऱ्या मित्रांवर माझा राग नाही. त्यांचा संताप चुकीच्या पत्त्यावर जातो आहे, एवढंच. ज्यांनी एक तरी केला त्यांना बोल लावण्यापेक्षा ज्यांनी काहीच केलं नाही त्यांना जाब विचारायला हवा: वाहिन्या, ओटीटीवाले, आणि बालचित्रपट म्हटलं की अनुदानाच्या फायलीपलीकडे न पाहणारे सगळेच.

मुलांचं काय, असं कुणी विचारेल. मी तेव्हा वाचनालयात नोकरीला होते, म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. सिनेमा लागल्यावर आमच्या बालविभागात फेणेची मागणी आली. बरीचशी पुस्तकं पानं सुटलेली, एक तर बांधणीला गेलेलं. नवा संच मागवला. सहावी-सातवीची मुलं पुस्तक नेत आणि परत देताना आश्चर्याने सांगत की हा तर आपल्याएवढाच आहे! कुणाचाही भ्रमनिरास झाला नव्हता. उलट आपल्या वयाच्या पोराने चोर पकडलेले त्यांना जास्त आवडले. शुद्धतेची चिंता वाहणारे आम्ही मोठे; मुलांनी सिनेमातला फेणे आणि पुस्तकातला फेणे असे दोन खुशाल मानले आणि दोघांनाही ठेवून घेतलं. काही महिन्यांनी मागणी ओसरली, कारण पडद्यावर पुढचं काही आलंच नाही.

तेव्हा चाहत्यांना विनंती आहे की तक्रार जरूर करा, पण तिला मागणीचं रूप द्या. दहा-बारा भागांची मालिका मागा. बारा-तेरा वर्षांचा, शक्यतो कुणी न पाहिलेला मुलगा मागा. एका भागात एक गोष्ट संपू दे, शेवटी जग वाचवायची गरज नाही. प्रतापगड आहे, काश्मीर आहे, चक्रीवादळ आहे, भागवतांनी ठिकाणं देऊन ठेवली आहेत. आणि कृपा करून सगळं ओढून आजच्या काळात आणू नका. ‘चिनी गोटात फास्टर फेणे’ला चीनशी झालेल्या युद्धाची पार्श्वभूमी आहे, मोबाईल आणि ड्रोन घुसवले तर त्या गोष्टीतली भीतीच निघून जाईल. फुरसुंगी आज पुणेकरांना कचरा डेपोमुळे माहीत आहे. तिथल्या मळ्यांतून सायकल हाणणारा मुलगा दाखवायचा तर जुनं गाव उभं करावं लागेल, खर्च येईल. ऐतिहासिक चित्रपटांत किल्ले आणि दरबार उभे करायला आपल्याकडे पैसा निघतो, तो इथेही निघावा.

मालिका आलीच, तर पहिल्या भागानंतर नाराजीचं पहिलं पत्र बहुधा माझंच येईल. त्यासाठी जागा राखून ठेवावी.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल, सातारा