'टच' म्हणजे नेमके किती फूट?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या अंकातील जमिनींच्या जाहिराती मी जुन्या खोडीने आधी वाचतो. अग्रलेखाची पाळी नंतर येते, क्षमा असावी. गेल्या रविवारी एकाच पानावर 'रोड टच', 'हायवे टच', 'रिव्हर टच' आणि 'सी टच' असे चारही प्रकार भेटले. गुंठे छापले होते, दरही छापला होता. जागा रस्त्याला किती फूट लागते, ते एकीतही नव्हते. भूमी अभिलेख खात्यात साखळी ओढण्यात माझी नोकरी गेली, म्हणून हे पत्र.

गुंठा म्हणजे 33 फूट गुणिले 33 फूट, 1,089 चौरस फूट. दहा गुंठ्यांचा तुकडा रस्त्याला 99 फूट आणि आत 110 फूट असू शकतो, किंवा रस्त्याला 33 फूट आणि आत 330 फूट. पहिल्यात ऐसपैस घर बसते, दुसऱ्यात दोन्ही बाजूंची सामासिक अंतरे, म्हणजे हद्दीलगत मोकळी ठेवायची जागा, सोडली की रेल्वेचा डबा उरतो. सातबारा मात्र दोन्हींचा सारखाच, कारण त्यावर क्षेत्र असते, दर्शनी रुंदी नसते. ती पाहायची तर गटाचा नकाशा किंवा मोजणीची 'क' प्रत मागावी लागते, आणि गिऱ्हाईक ती मागत नाही. ते समुद्राचा फोटो पाहून इसार देऊन मोकळे होते.

आमच्या गुहागरसारख्या किनाऱ्यालगतच्या गावांत जुन्या लोकांना दर्शनी बाजूची किंमत पक्की ठाऊक होती. पुढे पाखाडीचा रस्ता, मग अंगण, घर, विहीर, मागे नारळी-पोफळीचे आगर आणि शेवटी पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, अशा लांबट पट्ट्या. भाऊ वेगळे झाले की वाटणी उभीच व्हायची. आडवी केली तर एकाला रस्ता आणि दुसऱ्याला नुसती वाळू मिळणार, मग मागच्याने जन्मभर पुढच्याच्या अंगणातून ये-जा करायची आणि भावजयांनी रोज तोंडे फिरवायची. उभ्या वाटणीत प्रत्येकाला रस्ताही मिळे आणि किनाराही. शहाणपणाचीच रीत, पण तिला पिढ्यांचा हिशेब पेलत नाही. 66 फुटांचे आगर चार भावांत साडेसोळा फुटांवर येते, त्यांच्या दोन-दोन मुलांत सव्वाआठ फुटांवर. दोन माडांमध्येसुद्धा पंचवीस फूट अंतर लागते! एका मोजणीत दोघे भाऊ हात धरून उभे राहिले, तर त्यांच्या मोकळ्या हातांना दोन्हीकडचे दगडी गडगे लागत होते. लांबी विचाराल तर चारशे फुटांच्या वर. आज असाच एखादा वाटा 'रोड टच, सी टच' म्हणून विकला जातो, आणि त्या जाहिरातीत खोटे काहीच नसते.

पाण्याच्या बाजूचा मामला आणखी निसरडा. खरेदीखताच्या चतुःसीमेत 'पश्चिमेस समुद्र' असे झोकात लिहिलेले असते. प्रत्यक्षात आगर आणि पाणी यांच्यामध्ये बरेच ठिकाणी पुळण व सुरूबन असते, ते आपले नव्हे. भरतीच्या रेषेखालचा समुद्र व खाडीचा तळ, तसेच नदी-नाल्यांचे पात्र महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 20 प्रमाणे शासनाचे. शिवाय किनारा नियमन क्षेत्राची बंधने त्याच रेषेपासून जमिनीकडे मोजली जातात. कमी वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर 2019 च्या अधिसूचनेतही 200 मीटरचा ना-विकास पट्टा आहे. म्हणजे समुद्र जितका जवळ, तितके बांधकाम अवघड. दर मात्र चढा. तो दर देखाव्याचा असतो. वीस वर्षांच्या वहिवाटीने खिडकीच्या उजेड-वाऱ्याचा हक्क लागू शकतो, पण समुद्र दिसत राहण्याचा लागत नाही. पुढे कोणी रीतसर भिंत घातली तर बसा भिंत बघत.

नदीकाठी तीच गत. तिथे बांधकामाला पूररेषा आडव्या येतात: निळी साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीने चिपळूण बुडवले, त्यानंतर या दोन रेषांवरून तिथे केवढा गहजब झाला ते आपल्याच अंकांत वाचले आहे. नदीला लागलेली बाजू जितकी रुंद, तितकी जास्त जागा त्या रेषांत, एवढा साधा हिशेब 'रिव्हर टच' वाचताना कोणी करत नाही.

'हायवे टच'बद्दल थोडक्यात. राष्ट्रीय महामार्गाला जमीन लागून आहे एवढ्यावर तिकडे फाटक उघडता येत नाही, त्याची वेगळी परवानगी लागते. आणि उद्या रुंदीकरणात पुढची पट्टी गेली, की काल मागे असलेला फुकटात दर्शनी होतो. मुंबई-गोवा महामार्गावर असे नशीब उघडलेले लोक मी पाहिले आहेत. त्यांचा हेवा वाटतो, खोटे कशाला बोलू?

आपल्या जाहिरात विभागाला एक विनंती. 'टच' शब्द छापायचा असेल तर त्यापुढे फूट छापायला लावावेत. रस्त्याचा असेल तर तो सरकारी, ग्रामपंचायतीचा की नुसत्या वहिवाटीचा, हेही. चारच शब्द वाढतील, आणि जाहिरातीचे पैसे तुम्ही शब्दांवरच घेता.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक, ता. गुहागर