लालबागच्या चाळीत १९६५ साली रिया कुठून आली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतलं कादंबरीचं तिसरं प्रकरण वाचलं आणि आज सकाळी हे पत्र लिहायला बसले. पहिल्या दोन प्रकरणांना गप्प राहिले होते. वाटलं, पुढे काही उलगडा होईल. झाला तो असा, की रियाचा भाऊ आरव पाटणहून एसटीने आला आणि लालबागच्या चाळीत जिन्यातूनच ‘रिया, अगं रिया’ करत वर चढला. साल १९६५, रिया गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात कामाला. मी पेपर घडी करून ठेवून दिला.

लेखकाने कष्ट घेतले आहेत, हे मी मान्य करते. पहाटेचा भोंगा, खानावळीतला दोन पाळ्यांचा स्वयंपाक, बायका वाइंडिंगमध्ये असत आणि त्यांच्यावर देखरेखीला नायकीण असे, हे सगळं बरोबर आलं आहे. इतकं शोधून काढणाऱ्या माणसाला आपल्या नायिकेचं नाव शोधावंसं वाटू नये, याचाच मला राग आला.

मी परळच्या एका शाळेत चौतीस वर्षं लिपिक होते. शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाची नोंद असलेलं जनरल रजिस्टर माझ्या ताब्यात असायचं. दाखला काढायला कोणी आलं की जुने खंडही उघडावे लागत, त्यामुळे मी नोकरीला लागण्याआधीची पानंही माझ्या डोळ्यांखालून गेली आहेत. पन्नासच्या दशकातल्या मुली म्हणजे इंदू, कुसुम, सुमन, अनुसया. मग शोभा, मंगल, लता आल्या. वैशाली आणि मनीषा तर एकेका वर्गात तीन-तीन असायच्या. रिया हे नाव मी पहिल्यांदा लिहिलं ते नव्वदीनंतर, आणि ‘रि’ ऱ्हस्व की दीर्घ हे तिच्या वडिलांना विचारून लिहिलं. आरव त्याच्याही किती मागून आला.

त्याच रजिस्टरात आणखी एक गोष्ट दिसते. बाबासाहेबांनी नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर जन्मलेली मुलं सहा वर्षांची होऊन पहिलीत आली, तेव्हापासून बीडीडी चाळींचा पत्ता असलेल्या ओळींमध्ये गौतम, सिद्धार्थ, यशोधरा, संघमित्रा दिसू लागतात. बापाच्या रकान्यात कचरू आणि मुलाच्या रकान्यात सिद्धार्थ. एका ओळीत एवढं सगळं लिहिलेलं असतं. कादंबरीकाराला हे फुकट मिळत असताना तो ते घेत नाही!

प्रवेशाच्या दिवशी खिडकीशी उभ्या बापाला नाव विचारलं की तो ‘बाळ्या’ म्हणायचा. ‘घरातलं नको, शाळेतलं सांगा’ म्हटलं की तो बायकोकडे बघायचा. कुणी कुणी तर म्हणत, ‘तुम्हीच लिवा बाई चांगलंसं.’ माणसाला एकच एक नाव नसतं, हे मी त्या खिडकीत शिकले. आत्याने कानात कुर्र करून ठेवलेलं पाळण्यातलं नाव, हाकेचं नाव, पटावरचं नाव. आणि बाई असेल तर सासरचं नाव.

त्यावरूनच माझी खरी तक्रार आहे. माझी आई पाटण तालुक्यातलीच. माहेरचं नाव हौसा. लग्नात ताटात तांदूळ पसरून माझ्या वडिलांनी, म्हणजे नवरदेवाने, त्यावर अंगठीने ‘सुमित्रा’ लिहिलं. ती अंगठीही शेजाऱ्याची, एका दिवसापुरती मागून आणलेली. त्या दिवसापासून हौसा संपली. चाळीत ती ‘विमलची आई’ झाली, कारण विमल माझी थोरली बहीण. गिरणीत मस्टरवर सुमित्रा, पण खात्यातल्या बायका तिला ‘पाटणची’ म्हणत.

मामा वर्षातून एकदा भुईमुगाच्या शेंगांचं बोचकं घेऊन यायचा. जिन्याच्या खालच्या पायरीवरून हाक मारायचा, ‘हौसेऽऽ’. एकदा आई गॅलरीच्या टोकाच्या नळावर कळशी भरत होती. हाक ऐकली आणि ती वळली ती तशीच. कळशी भरून वाहू लागली, पाणी तिच्या पायांवरून गटाराला गेलं, मागे नंबर लावलेल्या बायका ओरडू लागल्या, तरी ही जिन्याकडे बघत उभी. तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. आईला आणखी एक नाव आहे, हे मला त्या दिवशी कळलं. मी रात्री तिला ‘हौसा’ म्हणून बघितलं, तर तिने माझ्या तोंडावर हात ठेवला.

आता सांगा, आपल्या कादंबरीतला भाऊ बहिणीला कुठल्या नावाने हाक मारतो आहे? रिया हे माहेरचं की सासरचं? तिच्या लग्नात कुणी तांदळावर काही लिहिलं की नाही? लेखकाने हे स्वतःला विचारलं असतं तर अख्खं एक प्रकरण त्याच्या हाताला लागलं असतं. शिवाय हाकेत नाव बदलतं. सुमनची सुमे होते, पार्वतीची पारू, तुकारामचा तुक्या. रियाची हाक कशी करणार?

चांगल्या लेखकांनी ही मेहनत घेतली आहे. ‘कोसला’ १९६३ ची. त्यातला पांडुरंग सांगवीचा, म्हणून सांगवीकर. गाव आडनावात आलं, वेगळं सांगत बसायला नको. लहान मुलांच्या गोष्टीतल्या फास्टर फेणेलासुद्धा भा. रा. भागवतांनी बनेश हे पटावरचं नाव दिलं, कारण मास्तर हजेरी घेताना ‘फास्टर’ म्हणणार नाहीत.

आणि याच कादंबरीत खानावळवाली मात्र सखूबाई आहे, हमाल धोंडू आहे. म्हणजे लेखकाला काळ ठाऊक आहे. वाचकाने जिच्यावर माया करायची तिला आजचं नाव, आणि जिने भाकऱ्या थापायच्या तिला त्या काळचं! हे मला फार लागलं. आधीची मुलं हाती लागली नाहीत म्हणून पुढच्याला दृष्ट लागू नये यासाठी आया धोंडू, दगडू, भिकाजी अशी नावं ठेवत. त्या नावात आईची धास्ती आहे. आपल्या लेखकाने ते हमालाला हमाल दाखवण्यापुरतं वापरलं. सातारा जिल्ह्यात २०११ साली नकुसा, म्हणजे नकोशी, नावाच्या अडीचशेहून अधिक मुलींची नावं समारंभ करून बदलली, ती बातमी आपल्या वाचकांना आठवत असेल. नाव ही इतकी खोल जाणारी गोष्ट आहे. लेखकाने ती वरवर उरकू नये.

नाव बदलायचं तर साधा माणूस पूर्वी चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयापर्यंत जायचा, राजपत्रात छापून आणायचा. लेखकाला तर नुसतं खोडून दुसरं लिहायचं आहे. चौथं प्रकरण छापायला अजून सहा दिवस आहेत. एक ओळीचा खुलासा टाकून नाव बदललंत तर कुणी वाचक नाराज होणार नाही.

नावांचा विषय निघालाच आहे म्हणून एक राहिलेलं सांगते. माझी आई गेली तेव्हा एका दैनिकात निधनवार्ता आली, ‘परळ येथील रहिवासी अमुक यांच्या मातोश्रींचे वृद्धापकाळाने निधन’. भावाचं नाव, त्याचा हुद्दा, दोन जावयांची नावं, सगळं होतं. आईचं नव्हतं. अशा वार्ता आपल्याकडेही मी पाहते, गेल्या आठवड्यात दोन होत्या. जी बाई गेली तिचं नाव त्यात छापावं. लग्नाआधीचं घरच्यांनी कळवलं असेल तर तेही छापावं. त्या वेळी मी कागदावर दोन्ही नावं ठळक अक्षरात लिहून पाठवली होती.

आपली,
एक निवृत्त शाळा लिपिक, परळ, मुंबई