कळसूबाईच्या उंचीवर पार्किंग

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर बाबा "बघू" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. म्हणून लिहूनच पाठवते आहे. आई, तू मोठ्याने वाचून दाखव. बाबा मधेच उठून बाल्कनीत गेले, तर उरलेलं संध्याकाळच्या चहाला वाच.

विषय बाबांच्याच वाक्याचा आहे. "डोंगर पायांनी बघायचा असतो. गाडीत बसून बघायचा तर टीव्ही काय वाईट?" गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून, आमच्याकडे अमेरिकेत सिॲटलला या म्हटलं की हे वाक्य येतं. बाबा, तुम्ही आम्हाला बारी गावातून कळसूबाईला चढवलंत, हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या काठाशी पोटावर झोपवून खाली बघायला लावलंत. तेव्हा तुम्हाला "बसमधून चला" म्हणणं मलाही जड जातं. पण नुसतं म्हणण्यापेक्षा करून बघावं, म्हणून शनिवारी तुमच्या जावयांना लेकीजवळ ठेवलं, आमची गाडी घरीच ठेवली आणि एका टूरवाल्यांच्या व्हॅनमधून एकटीच माउंट रेनियर नॅशनल पार्कला गेले. सकाळी निघून संध्याकाळी परत. तुम्हाला ज्या रीतीने न्यायचं मनात आहे, अगदी त्याच रीतीने.

व्हॅन शहरातल्या दोन-तीन हॉटेलांसमोरून माणसं गोळा करत निघते. बाराएक जण होतो, निम्म्यांचे केस पांढरे. गाडी चालवणारी आणि माहिती सांगणारी एकच बाई होती. वयाने आईएवढी असेल, कानाला माइक. पहिल्या थांब्यावर तिने काय केलं सांगू? सगळ्यात हळू चालणाऱ्या आजोबांना पुढे घेतलं, त्यांच्या चालीने सगळ्यांना चालवलं आणि एका तरण्या पोराला सांगितलं, तू शेवटी राहा, तुझ्या मागे कुणी उरता कामा नये. बाबा, हे मी कुठे पाहिलंय ते तुम्हाला सांगायला नको. परत बसताना डोकी मोजायची तिची सवयही तुमचीच. माझी खात्री आहे, तुम्ही तिच्याशी दहा मिनिटांत वाद घालायला लागाल आणि दिवस संपेपर्यंत तिचे दोस्त झालेले असाल.

रेनियर १४,४१० फूट उंच आहे आणि एकटाच उभा आहे, आजूबाजूला त्याच्या खांद्याला लागेल असं कुणी नाही. त्यामुळे हवा स्वच्छ असली की शंभर किलोमीटरवरच्या सिॲटलमधूनही तो आख्खा दिसतो. ऑफिसच्या लिफ्टमध्ये अनोळखी माणसं एकमेकांना सांगतात, आज डोंगर दिसतोय. नसला दिसत तर आठवडाभर दिसत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पैसे भरून गेलो आणि ढगच बघून आलो असंही होऊ शकतं. म्हणून तुम्ही आलात की मी तारीख आधी ठरवणार नाही, हवामान बघून दोन-तीन दिवस आधी जागा मिळाली तर बघेन. नाहीच जमलं तर ढग.

वाट निस्क्वाली नदीच्या कडेने वर जाते. नदीचं पाणी पांढरट राखाडी आहे. पावसाळ्यातल्या गोदावरीच्या मातीचा रंग नाही तो. वरची हिमनदी सरकताना खडक दळत खाली येते, त्या दळलेल्या खडकाचं पीठ पाण्यात तरंगत असतं. पात्र मैदानाएवढं रुंद, त्यात मोटारीएवढे धोंडे इकडेतिकडे पडलेले आणि पाणी मात्र चार-पाच धारांपुरतं. मला वाटलं नदी आटली आहे. पण तसं नाही, हे पात्र पुराच्या दिवसांसाठी आहे. २००६च्या नोव्हेंबरमध्ये ३६ तासांत इथे जवळजवळ १८ इंच पाऊस झाला, रस्ते वाहून गेले आणि पार्क सहा महिने बंद राहिलं. त्याच्या कितीतरी आधी, १९४७च्या ऑक्टोबरात, कॉट्झ ओढ्यातून चिखल आणि दगडांचा असा लोंढा आला की रस्ता गाडला गेला. हा ओढा वाटेतच लागतो. बाबा, इथे तुम्ही खाली उतरून दगड हातात घेतल्याशिवाय राहणार नाही. पण घेतलेला दगड खिशात घालून आणता येत नाही, नियम आहे.

दगडावरून आठवलं. आपला सह्याद्री आणि हा डोंगर, दोघेही ज्वालामुखीचेच. पण आपला बेसॉल्टचा लाव्हा पातळ होता, लांबवर पसरत गेला, थरावर थर साचले, म्हणून आपल्याकडे सपाट माथे आणि पायऱ्यांसारखे कडे. तेही साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. रेनियरचा लाव्हा बराचसा अँडेसाइट नावाच्या खडकाचा, घट्ट, लांब न वाहणारा, त्यामुळे तोंडापाशीच साचून उंच शंकू झाला. आणि वय जेमतेम पाच लाख वर्षं! तुमच्या हिशेबाने कालचं पोर. शिवाय तो विझलेला नाही, बर्फाखाली नुसता झोपलेला आहे. आजूबाजूच्या खोऱ्यांत ज्वालामुखी जागा झाला तर कुठल्या रस्त्याने पळायचं याच्या पाट्या आहेत, भोंगे बसवलेत, आणि ऑर्टिंग नावाच्या गावात शाळेची मुलं उंचावर चालत जायचा सराव करतात. आई, घाबरू नकोस. डोंगरावर यंत्रं बसवलेली आहेत, ती सतत कान लावून असतात.

आता आईच्या प्रश्नाचं उत्तर, जो तिने अजून विचारलेला नाही. हो, स्वच्छतागृहं आहेत. वाटेत एल्बी गावात एक थांबा, मग लॉंगमायरला, मग वर पॅराडाइजला. दोन थांब्यांमध्ये कुठेही दीड तासापेक्षा जास्त वेळ जात नाही. लॉंगमायर हे या पार्कचं सगळ्यात जुनं ठाणं. १८८३ साली जेम्स लॉंगमायर नावाच्या गृहस्थाला इथे खनिज पाण्याचे झरे सापडले, त्याने तिथे लोकांना उतरायला जागा बांधली आणि दुखण्यावर पाणी औषधी म्हणून लोक यायला लागले. पार्क झालं त्यानंतर, १८९९ मध्ये. झरे अजून आहेत, कुरणात बुडबुडे येताना दिसतात. गुडघ्यावर त्या पाण्याचा उपयोग होतो का, हे विचारू नका. पाण्यात उतरायला बंदी आहे.

आणि पुढे नारद धबधबा. खरंच. नाराडा फॉल्स असं ते म्हणतात, पण आपलेच नारदमुनी. टकोमा शहरातल्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या नारद शाखेवरून १८९३ मध्ये हे नाव पडलं. गाइडबाईंनी व्हॅनमध्ये विचारलं, नारद कोण होते कुणाला माहीत आहे का? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वीणा, चिपळ्या, तिन्ही लोकांतला संचार आणि या कानाचं त्या कानाला सांगणं, सगळं इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. आई, तू असतीस तर कीर्तनच झालं असतं. धबधबा रस्त्याच्या पुलाखालून कोसळतो. पूर्ण बघायचा तर एक चढण खाली उतरून परत वर यावं लागतं, आणि तुषारांनी वाट ओली असते. बाबा, ही उतरण तुम्ही करायची नाही. मी फोटो काढलेत. यावर चर्चा नाही.

मग पॅराडाइज. इथेच मला तुमची खूप आठवण झाली. गाडी थांबते ते पार्किंग ५,४०० फुटांवर आहे, म्हणजे १,६४६ मीटर. कळसूबाईचा माथाही १,६४६ मीटरच. बाबा, महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच जागेएवढ्या उंचीवर या लोकांनी मोटारी लावायची जागा केली आहे, आणि तिथून मान वर केली तर डोंगर आणखी ९,००० फूट उरलेला असतो. शिड्या, रेलिंग, धापा, काही नाही. व्हॅनचं दार सरकवून मी खाली उतरले आणि दोन मिनिटं तुमच्या वतीने चिडले. मग वर बघितलं आणि राग गेला. तुमचाही जाईल.

तिथून निस्क्वाली व्हिस्टा नावाची एक फेरी आहे, साधारण दोन किलोमीटरची, डांबरी, चढ-उतार बेताचे. मधे बसायला जागा आहेत. ती मी मुद्दाम काठी टेकत, तुमच्या आत्ताच्या वेगाने चालले. लोकांना वाटलं असेल, बाईचा पाय मुरगळला आहे. टोकाला उभं राहिलं की समोर हिमनदीचं नाक दिसतं: भेगा पडलेला निळसर बर्फ, त्यावर दगडगोटे, आणि मधूनच कुठेतरी काही कोसळल्याचा आवाज. हिमनदी मागे हटते आहे. जुन्या फोटोत ती जिथे दिसते तिथे आता नुसता उघडा खडक आहे. ही जागा तरुणांच्या वाटेवर नाही, ते सगळे वरच्या स्कायलाइन ट्रेलला पळतात. म्हणून शांत होती. खरं सांगू, मला चालता येत असूनही वर जावंसं वाटलं नाही.

गाइडबाईंनी दुर्बीण दिली. वरच्या बर्फात मुंग्यांएवढी माणसं ओळीने चालली होती, १०,१८८ फुटांवरच्या कॅम्प म्युरकडे. तिथे रात्र काढून मध्यरात्री शिखराकडे निघतात. दरवर्षी सुमारे दहा हजार जण प्रयत्न करतात, निम्मे पोचतात. आणि बाबा, ही गोष्ट फक्त तुमच्यासाठी: १९६३ची अमेरिकन एव्हरेस्ट मोहीम सरावासाठी याच डोंगरावर आली होती. त्या मोहिमेत १ मे रोजी जिम व्हिटेकर शिखरावर पोचला. तो सिॲटलचा, तरुणपणी इथेच वाटाड्या होता. त्याच्याबरोबर कोण होतं? नवांग गोम्बू! तुम्ही ज्यांच्याबद्दल सांगायचात तेच, तेनसिंगांचे भाचे, जे १९६५मध्ये कॅप्टन कोहलींच्या भारतीय मोहिमेतून पुन्हा चढले आणि एव्हरेस्ट दोनदा सर करणारे पहिले ठरले. मी हे गाइडबाईंना सांगितलं. त्यांना व्हिटेकर माहीत होता, गोम्बूंचं पुढचं माहीत नव्हतं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. तेवढीच आपली भर.

आई, फुलं. ऑगस्टच्या सुरुवातीला कुरणं भरलेली असतात: निळे-जांभळे लुपिन, लालभडक पेंटब्रश, पांढरे तुरे. कासच्या पठाराची आठवण होते, पण इथे फुलांच्या मधेच बर्फाचे तुकडे शिल्लक असतात. आणि तुझी सकाळच्या फिरण्यातली ती पिशवी इथे चालणार नाही. तोडणं लांबच, वाटेबाहेर पाऊलही टाकू देत नाहीत. कारणही खरं आहे. १९७१-७२च्या हिवाळ्यात इथे ९३ फुटांहून जास्त बर्फ पडला होता. एरवीही वर्षातला बराच काळ सगळं बर्फाखाली असतं, झाडांना वाढायला दोन-तीन महिने मिळतात, आणि एका पावलाने मोडलेलं कुरण भरून यायला वर्षं लागतात. कुरणात मार्मोट नावाचा जाडजूड प्राणी आहे, खारीच्या कुळातला, तो शिट्टी वाजवतो. त्यालाही काही खायला घालायचं नाही. तुझा स्वभाव माहीत आहे म्हणून सांगते.

जेवणाची सोय आहे, पण आपल्यासाठी फार नाही. मी दशम्या आणि लसणाची चटणी नेली होती. वर पॅराडाइज इन आहे, १९१७ सालचं, आगीत होरपळून चांदीच्या रंगाची झालेली अलास्का सीडर नावाच्या झाडांची खोडं वापरून बांधलेलं. आत दोन प्रचंड दगडी शेकोट्या आणि खोल खुर्च्या. तिथे बसून डबा खाल्ला, कुणी काही म्हटलं नाही. बाबा, वाटलं तर तुम्ही तिथेच तासभर बसा. चहा बरा नाही, एवढंच.

आता जे आवडलं नाही ते. गाइडबाईंचे विनोद परतीच्या वाटेवर संपले नाहीत. एक कुटुंब अर्धा तास उशिरा आलं आणि आमची आरशासारख्या तळ्याजवळची वेळ दहा मिनिटांवर आली. माणशी खर्च दोनशे डॉलरच्या आसपास, वर बक्षिशी वेगळी, आणि ती इथे द्यावीच लागते. तुम्ही लगेच रुपयांत करून बघाल, म्हणून आधीच सांगते: तुमच्या वाढदिवसाची आणि दिवाळीची भेट एकत्र समजा. आमच्या गाडीने गेलो असतो तर स्वस्त पडलं असतं. पण मग मी वळणांवर रस्ता बघत बसले असते, तुम्ही शेजारून ब्रेक मारत बसला असता, आणि शनिवारी सकाळी उशिरा पोचलं की वर पार्किंगच मिळत नाही.

व्हिसा चालू आहे तोवर या. जुलैच्या शेवटी निघालात तर फुलं सापडतील आणि गौरी-गणपतीच्या आत नाशिकला परत पोचाल. बाबा, डॉक्टरांना दोन गोष्टी विचारून कळवा: विमानाचा लांब प्रवास चालेल का, आणि सलग दीड तास बसल्यावर गुडघा आखडतो का. आखडत असेल तर व्हॅनमध्ये पुढची सीट आधीच मागून ठेवता येते, मी विचारलंय. आई, तू बी.पी.च्या गोळ्यांची चिठ्ठी इंग्रजीत करून घे. भाजणी इथे मिळते, मेतकूट मात्र घरचं आण.

तुमची,
मनू