किरणोत्सवाच्या गावात सूर्ययान अनोळखी

किरणोत्सवात मावळतीची किरणे अंबाबाईच्या चरणांवरून मुखापर्यंत पोचली की नाही, यावर कोल्हापुरात चार दिवस चर्चा रंगते. त्याच सूर्यावर नजर रोखून बसलेले इस्रोचे ‘आदित्य-एल१’ यान मात्र कुणाच्या बोलण्यात नसते. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेले हे यान ६ जानेवारी २०२४ पासून आपल्यापासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेला घिरट्या घालत आहे. तिथे ना रात्र, ना ग्रहण. त्यातले एक उपकरण सूर्याची तबकडी झाकून भोवतीचा प्रभामंडल, म्हणजे सूर्याचे बाहेरचे विरळ वातावरण, पाहते. डोळ्यांवर हात आडवा धरून आपण बघतो ना, तसे. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा आणि बाहेरचा प्रभामंडल दहा लाखांच्या वर! चुलीपासून लांब सरकावे आणि चटका वाढावा, असले हे त्रांगडे. नासाचे ‘पार्कर’ यान तर २४ डिसेंबर २०२४ रोजी सूर्यापासून अवघ्या ६१ लाख किलोमीटरवरून गेले.

नातवाच्या शाळेत दुर्बीण आहे, पण कपाटात. किल्ली म्हणे बदली झालेल्या सरांकडे! शाळांनी नोव्हेंबरच्या किरणोत्सवात तरी मुलांना सूर्यावरचे डाग दाखवावेत. दुर्बिणीच्या तोंडाला सौर फिल्टर लावूनच, नाहीतर डोळा जायचा.

– एक आजोबा, शिवाजी पेठ, कोल्हापूर