भाषण कुठवर पोचलं?

पुणे, २० जून

प्रिय मिलिंद,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. 'कॉम्प्युटर संसदेतली भाषणं तपासणार म्हणजे शब्दांची शिरगणती करणार, त्यातून राजकारण काय कळणार?' असं विचारतोस. रास्त आहे. सध्या ज्या अभ्यासात बुडालोय, तोच सांगतो.

फ्रेंच राज्यक्रांतीतली पहिली संसद, १७८९ ते १७९१. तिथली ४०,००० हून जास्त भाषणं काही संशोधकांनी यंत्राकडून वाचून घेतली. निष्कर्ष २०१८ साली छापून आले. कुठले शब्द एकत्र येतात ते पाहून यंत्राने आपलं आपणच १०० विषय वेगळे काढले. मग प्रत्येक भाषणाची वाटणी केली: त्यात चर्चच्या जमिनी किती, कर किती, सैन्य किती. पुढे दोनच प्रश्न. हे भाषण आधीच्या भाषणांपेक्षा किती वेगळं, आणि नंतरच्यांपेक्षा किती? आधीच्यांशी फटकून पण नंतरच्यांशी जुळणारं असेल, तर याने विषय काढला आणि सभागृहाने तो उचलला. दोन्हीकडून वेगळं असेल, तर बोलला आणि विरलं.

रोबेस्पिएर आणि पेतियों हे डावे पहिल्या प्रकारात ठळक दिसतात. पण मला जास्त मजा आली ती उजवीकडच्या मोरी आणि काझालेसची. हे नवं फारसं काढत नाहीत, पण चाललेला विषय हलूही देत नाहीत. तुझ्या सोसायटीच्या सभेतले ते पार्किंगवाले काका आठव! आरडाओरडा न करता सभा जागच्या जागी ठेवणं हेही कसबच, आणि ते आकड्यांत दिसतं.

आता तुझा मुद्दा. १६ मे १७९१ रोजी रोबेस्पिएरने मांडलं की या सभेतल्या कुणीही पुढच्या निवडणुकीला उभं राहू नये. सभेने ते मान्य केलं. ३० मे रोजी तो फाशीच्या शिक्षेविरुद्ध बोलला. सभेने ती शिक्षा कायम ठेवली. हा फरक यंत्राच्या गावीही नाही. विषय पुढे चालला का एवढंच ते पाहतं, कौल कुणाकडे गेला हे नाही. शिवाय त्या काळचं इतिवृत्त बरंचसं वर्तमानपत्रांतल्या वृत्तांतांवरून १९व्या शतकात जुळवलेलं. वार्ताहराने जे गाळलं ते गेलंच.

आपल्या संविधान सभेवर हे करून पाहायचं मनात आहे. अडचण मोठी गमतीची आहे. बाबासाहेबांचं गाजलेलं भाषण २५ नोव्हेंबर १९४९ चं, आणि दुसऱ्याच दिवशी संविधान स्वीकारलं गेलं. म्हणजे तुलना करायला त्या सभेत पुढची भाषणं जवळपास नाहीतच! त्या भाषणाचे पडसाद मोजायचे तर १९५२ नंतरची लोकसभा जोडावी लागेल, आणि तिथे माणसं निराळी, कामकाज निराळं.

तुझ्याकडे वादविवादाचे खंड आहेत ना? ऑगस्टमध्ये येशील तेव्हा शेवटचे दोन घेऊन ये. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश