परित्यक्तेला गावाचा दाखला मिळावा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

महिला दिनाच्या सुमारास वृत्तपत्रांच्या जिल्हा पानांवर महिला संघटनांचे सत्कार, मेळावे आणि हळदीकुंकवाचे कार्यक्रम यांना चांगली जागा मिळते आणि त्याबद्दल आम्हा कार्यकर्त्यांना समाधानच वाटते. खेड्यातल्या बाईचा फोटो पेपरात आला की तिच्या घरची माणसे तिच्याशी जरा जपून बोलू लागतात, हा आमचा अनुभव आहे. परंतु संघटनेचे वर्षभराचे काम त्या फोटोत मावत नाही. परित्यक्तेला, म्हणजे नवऱ्याने टाकून दिलेल्या बाईला, ती एकटी राहते असा दाखला कोणीच देत नाही, ही अडचण त्या कामात अलीकडे पुन्हा पुन्हा पुढे येत आहे. ती सरपंच, ग्रामसेवक आणि ग्रामपंचायत सदस्य असलेल्या आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्यात एकल स्त्रियांच्या संघटनेचे काम करते. विधवा, घटस्फोटिता, नवऱ्याने टाकून दिलेल्या आणि लग्न न झालेल्या प्रौढ स्त्रिया यांची ही संघटना आहे. आमची बैठक तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी भरते, कारण त्या दिवशी घराबाहेर पडण्यासाठी कोणाची परवानगी मागावी लागत नाही आणि मजुरीही बुडत नाही. मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट लागू झाले, तेव्हापासून लांबच्या वाड्यांवरून आणि तांड्यांवरून येणाऱ्या बायकांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली. दसरा झाला आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की बैठक ओस पडते. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकट्या बाईला टोळीचा मुकादम अर्धा कोयता धरतो आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देताना तिच्यासोबत कोण पुरुष येणार हे आधी विचारतो, त्यामुळे आमच्या कितीतरी जणी भावाबरोबर किंवा थोरल्या मुलाबरोबर जोडी लावून कारखान्यावर जातात आणि पाडव्याच्या आसपास परततात. ज्या मागे राहतात, त्या एकमेकींच्या रानात सावड करतात. पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टरवाला एकट्या बाईचे रान सगळ्यांच्या शेवटी धरतो, खताचा दुकानदार तिला उधारी देत नाही आणि वाफसा तर कोणासाठी थांबत नाही. अशा वेळी पाच-सहा जणींनी मिळून आज हिचे आणि उद्या तिचे रान उरकायचे, हा आमच्या संघटनेचा खरा आधार आहे, आणि माझ्या मते तो कोणत्याही शिबिरापेक्षा मोठा आहे.

संघटनेचा एक नियम आहे. कोणत्याही बाईने कचेरीत एकटीने जायचे नाही. तलाठी असो, तहसील असो, बँक असो की पोलीस ठाणे, तिच्यासोबत दुसरी कोणी तरी जातेच. त्यासाठी आम्ही एक लांबट, पुठ्ठ्याची वही ठेवली आहे. त्या वहीत कोण कोणासोबत गेली, कोणत्या टेबलावर गेली, तिला काय सांगितले आणि पुन्हा कधी बोलावले, एवढे चार रकाने आहेत. बाई येते ती कमरेच्या पिशवीतून किंवा घडी घातलेल्या कॅरीबॅगमधून कागद काढते. त्यात आधार कार्ड असते, पिवळ्या पडलेल्या रेशनकार्डाची झेरॉक्स असते, बँकेचे पासबुक असते आणि बहुतेक वेळा लग्नाची पत्रिकाही असते, कारण आपले लग्न झाले होते याचा तेवढाच पुरावा तिच्याजवळ उरलेला असतो. दहावी-बारावी शिकलेल्या आमच्या मुली ते कागद सतरंजीवर मांडतात आणि कोणता कागद कमी आहे ते वहीत लिहून घेतात. वहीची मागची पाने चाळली तर विधवांच्या पानांवर हळूहळू कामे झाल्याच्या खुणा दिसतात, परित्यक्तांची पाने मात्र तशीच्या तशी उघडी पडलेली आहेत.

विधवांचे प्रश्न संपले आहेत, असे मी मुळीच म्हणत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने तो ठराव इतर ग्रामपंचायतींपुढे आदर्श म्हणून ठेवला, तेव्हा आमच्या भागातही त्यावर पुष्कळ बोलणे झाले. ठराव झाला म्हणून प्रथा दुसऱ्या दिवशी थांबत नाही. मागे आमच्यातल्या एकीच्या मुलीचे लग्न होते. हळदीच्या वेळी जाऊबाईंनी तिला स्वयंपाकघरात काही तरी काढायला पाठवले. ते काम कशासाठी सांगितले आहे हे सगळ्यांना कळत होते. आमच्या तीन-चार जणी आत गेल्या, तिच्या हातातले पातेले खाली ठेवायला लावले आणि तिला हाताला धरून मांडवात आणले. पहिली हळद आईनेच लावली. कोणी विरोध केला नाही, कोणी कौतुकही केले नाही, मुलगी मात्र रडायची थांबेना. अशा प्रसंगी बाईच्या पाठीशी चार जणी उभ्या राहिल्या तर गाव सहसा आडवे येत नाही, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

जमिनीच्या बाबतीतही विधवेच्या हाती निदान एक धागा असतो. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने ती पहिल्या वर्गाची वारस आहे, सासऱ्याच्या हयातीत नवरा वारला असेल तरीही पुढे सासऱ्याच्या मिळकतीत तिचा वारसा येतो. दीर-भाया हक्कसोडपत्रावर अंगठा घेण्याची घाई करतात, सातबारावर थोरल्या दिराचे नाव एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून चढते आणि वर्षानुवर्षे तसेच राहते, हे सगळे घडते. तरीही मृत्यूचा दाखला हातात असला की वारसनोंदीचा अर्ज करता येतो. २०२५ साली मयत खातेदारांच्या वारसांची नावे लावण्यासाठी राज्यभर जी 'जिवंत सातबारा' मोहीम झाली, तिचा काही जणींना उपयोगही झाला.

परित्यक्तेजवळ मृत्यूचा दाखला नसतो आणि घटस्फोटाचा हुकूमनामाही नसतो. नवरा पुण्याकडे किंवा मुंबईकडे दुसरा संसार थाटून राहतो, सासर दारात उभे करत नाही, माहेरी भावाच्या घरात पडवीला चूल मांडून ती राहते आणि सरकारी कागदावर मात्र ती विवाहित असते. कोर्टात जाऊन घटस्फोट किंवा पोटगी मागावी, असे तिला सगळेच सुचवतात. वकिलाची फी, दर तारखेला बुडणारी मजुरी आणि नोटीस लागण्यासाठी नवऱ्याचा पत्ता, यांपैकी काहीच तिच्याजवळ नसते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे आणि काही जणींना आम्ही तो मिळवूनही दिला आहे, पण ज्या घरातून मार खाऊन निघाली त्याच घरात परत जाऊन राहण्याची हिंमत प्रत्येकीत असावी, अशी अपेक्षा करणे मला अन्यायाचे वाटते.

गेल्या वर्षी या प्रश्नाला नवे टोक आले. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेच्या पात्रतेत विवाहित, विधवा, घटस्फोटित आणि निराधार स्त्रियांच्या बरोबरीने परित्यक्ता स्त्रियांचाही स्पष्ट उल्लेख आहे. सप्टेंबर २०२५ पासून ई-केवायसी सुरू झाली तेव्हा लाभार्थी स्त्रीच्या आधारबरोबर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या मोबाइलवर येणारा ओटीपी मागण्यात आला. विधवा आणि घटस्फोटित स्त्रियांची अडचण सरकारच्या लक्षात आली, मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद देण्याची सोय झाली आणि मुदतही वाढवून मिळाली. परित्यक्तेने कोणता कागद द्यायचा? आमच्या एका सदस्येचे वडील वारलेले आहेत आणि नवरा बऱ्याच वर्षांपासून दुसऱ्या बाईसोबत राहतो. तिने धीर करून त्याला फोन लावला. ओटीपी सांगतो, पण आधी पोटगीचा दावा काढून घे, असे त्याने सांगितले. सेवा केंद्राच्या खुर्चीवर बसून ती हे ऐकत होती आणि स्क्रीनवर ओटीपीची वेळ संपत चालली होती. ज्या माणसाने तिला सोडले, त्याच्याच हातात तिच्या महिन्याच्या दीड हजार रुपयांची किल्ली पुन्हा जावी, हे योजना आखणाऱ्यांच्या मनात नक्कीच नसणार, परंतु प्रत्यक्षात तसे घडले.

यावर निराधार योजना आहेच की, असे काही जण म्हणतील. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एकट्या स्त्रीला दरमहा तेवढेच दीड हजार रुपये मिळतात. तिच्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा मात्र एकवीस हजार रुपये आहे, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. २०२४-२५ साली रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. त्या दराने बाईने वर्षात पाऊणशे दिवस खडी फोडली तरी ती निराधार ठरत नाही. शेजारच्या लाडकी बहीण योजनेत हीच मर्यादा अडीच लाख रुपये आहे. एकाच सरकारच्या दोन योजनांत, एकाच रकमेसाठी, इतका मोठा फरक का असावा, हे तहसीलच्या दारात बसलेल्या बाईला मला आजवर समजावून सांगता आलेले नाही. म्हणून पुष्कळ जणींनी निराधारचा अर्ज सोडून लाडकी बहीणचा अर्ज भरला. पैसे मिळाले, हे चांगलेच झाले. पण निराधारच्या यादीत तिच्या एकटेपणाची जी एक अधिकृत नोंद होऊ शकली असती, ती राहूनच गेली आणि पुढे रेशनकार्ड वेगळे करताना किंवा घरकुलाच्या यादीत नाव घालताना तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

हा प्रश्न आजचा नाही. परित्यक्ता स्त्रियांनी १९८८ साली संगमनेरला परिषद भरवून आपले म्हणणे जाहीरपणे मांडले होते. सांगली-सातारा भागात इंदुताई पाटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परित्यक्तांना संघटित करून स्वतंत्र रेशनकार्डासाठी, घराच्या जागेसाठी आणि जमिनीसाठी वर्षानुवर्षे लढा दिला. त्या पिढीने कष्टाने मिळवलेल्या गोष्टी आमच्या तालुक्यापर्यंत पोहोचता पोहोचता पुन्हा एका दाखल्यापाशी येऊन अडाव्यात, याचे मला फार वाईट वाटते. तो दाखला द्यायचा कोणी, यावर सगळी टोलवाटोलवी चालते. तलाठी ग्रामसेवकाकडे पाठवतो, ग्रामसेवक पोलीस पाटलाकडे पाठवतो आणि पोलीस पाटील म्हणतो, नवरा जिवंत आहे, उद्या त्याने तक्रार केली तर मी काय करू? माहेरच्या गावात सांगतात की सासरच्या गावातून आण, आणि सासरच्या गावात तिचे नावसुद्धा कोणी काढू देत नाही. भाऊही मनातून नाखूश असतो, कारण वेगळ्या रेशनकार्डानंतर ती वडिलांच्या जमिनीत वाटा मागेल अशी त्याला धास्ती असते. तो वाटा महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलींना कायद्याने दिलेलाच आहे, त्याचा या दाखल्याशी काही संबंध नाही.

आमचे म्हणणे असे आहे की हा दाखला स्त्री जेथे प्रत्यक्ष राहते त्या गावच्या महिला ग्रामसभेने द्यावा. आपल्या राज्यात नियमित ग्रामसभेच्या आधी गावातील स्त्रियांची स्वतंत्र सभा घेणे कायद्यानेच बंधनकारक आहे. पुष्कळ गावांत ती फक्त इतिवृत्ताच्या रजिस्टरवर होते, घरोघरी फिरून सह्या घेतल्या जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. ती खरोखर भरवावी आणि तिच्यात गावातील एकल स्त्रियांची नोंदवही दरवर्षी वाचून दाखवावी. कोण बाई किती वर्षांपासून एकटी राहते, नवरा तिच्याकडे येतो की नाही, तिची मुले कोण सांभाळते, हे गावातल्या बायकांना जितके नेमके ठाऊक असते तितके कोणत्याही चौकशी अधिकाऱ्याला कळणे शक्य नाही. खोट्या नोंदी होतील अशी शंका काही अधिकाऱ्यांनी आमच्याजवळ बोलून दाखवली. ती अगदीच निराधार नाही. परंतु बंद खोलीत एका माणसाच्या सहीने मिळणाऱ्या दाखल्यापेक्षा चाळीस-पन्नास बायकांसमोर मोठ्याने वाचलेली नोंद खोटी ठरणे अधिक अवघड आहे, आणि हरकत घ्यायची असल्यास ती तेथेच, तिच्या तोंडावर घेता येईल. महसूल, पुरवठा आणि महिला व बालविकास या तिन्ही विभागांनी ही नोंद पुरावा म्हणून मान्य करावी, एवढा एक शासननिर्णय झाला तर ई-केवायसीपासून घरकुलापर्यंतच्या अनेक गाठी सुटतील. निराधार योजनेची उत्पन्नमर्यादा वाढवण्याची मागणी आमच्यासारख्या अनेक संघटना करत आहेत, तिचाही विचार त्यासोबतच व्हावा.

येत्या १ मेच्या ग्रामसभेआधी आमच्या तालुक्यातील जितक्या गावांत शक्य होईल तितक्या गावांत महिला ग्रामसभा भरवून हा ठराव मांडण्याचे आम्ही ठरवले आहे. ऊसतोडीहून परतलेल्या बायकाही तोवर गावात असतील. ठरावाचा मसुदा साध्या भाषेत, एका पानाचा केला आहे आणि अर्जासोबत कोणते कागद जोडावेत त्याची यादी त्याच पानामागे दिली आहे. इतर तालुक्यांतील महिला मंडळांनी, बचत गटांनी किंवा सरपंच भगिनींनी तो आपापल्या गावात मांडावा, अशी आमची विनंती आहे. आपल्या जिल्हा पानांवर एप्रिल महिन्यात महिला ग्रामसभांच्या तारखा आणि नियम यांची माहिती प्रसिद्ध झाली, तर आपले वृत्तपत्र ज्या गावांत जाते तेथील बायकांना सभेची वेळ आधी कळेल आणि सही करण्यापूर्वी सभा कोठे आहे हे त्या विचारू शकतील.

कळावे,
आपली नम्र,
एकल स्त्रियांच्या संघटनेची एक कार्यकर्ती,
जि. बीड