'अनागोंदी' नव्हे

रविवारच्या विज्ञान पुरवणीतील दोलकांवरच्या लेखात 'केऑस' या संज्ञेला 'अनागोंदी' म्हटले असून 'कोणताच नियम नसलेली हालचाल' असा अर्थ दिला आहे. तो चुकीचा आहे. ही अनियमित हालचाल नियमांनीच बांधलेली असते. फक्त सुरुवातीला केसभर फरक पडला तरी पुढचा मार्ग पार बदलतो. अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६१ मध्ये हवामानाचे गणित संगणकावर पुन्हा चालवताना ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा भरला. समीकरणे तीच, यंत्र तेच, तरी काही वेळाने दोन उत्तरांचा एकमेकांशी संबंध उरला नाही.

शाळेत शिकवत असताना मी दोन लाकडी पट्ट्या बेअरिंगने जोडून दुहेरी लंबक केला होता. जरासा हलवला तर शहाण्यासारखा डुलायचा. आडवा धरून सोडला की खालची पट्टी गरागरा फिरायची, मध्येच थबकायची, उलटी वळायची. भिंतीवरच्या खडूच्या खुणेपासूनच पुन्हा सोडला, तरी काही झोक्यांनंतर चाल वेगळी. न्यूटनचे नियम मात्र दोन्ही वेळा तेच!

लेखकाने झोक्यासारख्या हालचालीला 'दोलन' लिहिले ते बरे केले. त्याच अर्थाने 'आंदोलन' म्हटले की वर्तमानपत्राचा वाचक मोर्चा शोधू लागतो. तशीच काळजी इथेही घ्यायला हवी होती. नेमका मराठी शब्द सापडेपर्यंत 'केऑस' तसाच ठेवावा.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सांगली